वॉटर स्ट्रीटवरचं पहिलं वर्ष

१८७२ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क शहर घोड्यांवाचून अडलं. कॅनडाकडून आलेल्या घोड्यांच्या साथीने तबेलेच्या तबेले आजारी पाडले. ट्राम थांबल्या, बंदरावरचा माल धक्क्यावरच पडून राहिला आणि काही ठिकाणी माणसांनीच गाड्यांना खांदा दिला. ज्यांचं पोट रोजच्या हमालीवर, त्यांच्या हाताला काम उरलं नाही. त्याच महिन्यात ईस्ट रिव्हरच्या काठाजवळ, वॉटर स्ट्रीटवरच्या ३१६ नंबरच्या पडक्या घरावर एक पाटी लागली: ‘हेल्पिंग हँड फॉर मेन’. हे घर एकेकाळचं नाचघर. पाटी लावणारा जेरी मकॉली हा सिंग सिंग तुरुंगातून सुटलेला कैदी, नदीवरचा जुना चोर आणि गळ्यापर्यंत दारूत बुडून वर आलेला माणूस.

अमेरिकेतलं पहिलं ‘रेस्क्यू मिशन’ म्हणून इतिहासात या जागेची नोंद आहे. दारुड्यांसाठी तोवर कुणीच काही केलं नव्हतं असं नाही. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या काही पिणाऱ्यांनी ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ काढली होती. ती वणव्यासारखी पसरली आणि थोड्याच वर्षांत विझली. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला १८६४ पासून व्यसनी लोकांसाठी खास इस्पितळ चालू होतं. १८७० मध्ये डॉक्टरांनी दारूच्या व्यसनावर उपचार करण्यासाठी आपली संघटनाही स्थापन केली होती. पण या साऱ्याचा लाभ प्रामुख्याने घरदार आणि पत असलेल्या माणसाला. वॉटर स्ट्रीटवरच्या दारुड्याच्या वाट्याला पोलीस ठाण्याची कोठडी किंवा ब्लॅकवेल्स बेटावरचं सक्तमजुरीचं घर यायचं. तिथून सुटला की तो पुन्हा त्याच गुत्त्याच्या दारात उभा.

ही वस्ती म्हणजे शहराचा चौथा वॉर्ड. एका अंगाला बंदर, मधे दाटीवाटीची भाड्याची घरं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुत्ते, खलाशांची खानावळवजा निवासघरं, नाचघरं. जवळच ब्रुकलिन पुलाचा प्रचंड दगडी मनोरा चढत होता. त्याच्या पायाचं नदीतळाखालचं काम नुकतंच संपलं होतं आणि त्या कामाने मजुरांचे बळीही घेतले होते. नदीवर रात्री छोट्या होड्या फिरायच्या. नांगरलेल्या जहाजांवरून दोरखंड, पिंपं, कापडाचे तागे, हाताला लागेल ते उचलायचं आणि पहाटेच्या आत चोरीचा माल घेणाऱ्याकडे विकून टाकायचं, हा तिथला एक प्रस्थापित धंदाच होता. जेरी त्यातला वाकबगार.

या रस्त्याला धर्माचं नाव नवीन नव्हतं, आणि ते चांगल्या अर्थानेही नव्हतं. चारच वर्षांपूर्वी, १८६८ मध्ये, ३०४ नंबरच्या जॉन ॲलनच्या नाचघरावर एका मासिकाने लेख छापला आणि त्याला ‘न्यूयॉर्कमधला सर्वांत दुष्ट माणूस’ ठरवून टाकलं. लगेच पाद्री धावले. ॲलनच्या नाचघरात दुपारच्या प्रार्थनासभा सुरू झाल्या. जवळच किट बर्न्स नावाच्या इसमाचा उंदीर आणि कुत्र्यांच्या झुंजींचा अड्डा होता, तिथेही भजनं होऊ लागली. बघ्यांची झुंबड उडाली. सुशिक्षित बायका वरच्या वस्तीतून गाड्या करून ‘पापी लोक’ बघायला आल्या. मग वर्तमानपत्रांनी भांडं फोडलं: ॲलनला पश्चात्ताप वगैरे झाला नव्हता, जागेचं भाडं मिळत होतं. सभांना येणाऱ्यांतही त्या वस्तीतले खरे गिऱ्हाईक थोडेच होते. तमाशा आटोपला आणि चौथ्या वॉर्डातल्या माणसांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: वरून येणारे येतात, बोलतात, जातात.

जेरी मकॉली वरून आला नव्हता. त्याचा जन्म आयर्लंडमधला. बाप खोटी नाणी पाडणारा, तो कायद्याला चुकवून घरातून परागंदा झालेला. पोराला आजीने वाढवलं, ती गुडघे टेकून प्रार्थना करत असताना पोरगा तिच्यावर मातीची ढेकळं फेकायचा, असं त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलं. तेराव्या वर्षी त्याची रवानगी न्यूयॉर्कला बहिणीकडे झाली, तिथून थेट नदीवरच्या टोळीत. एकोणिसाव्या वर्षी दरोड्याच्या आरोपावरून साडेपंधरा वर्षांची शिक्षा झाली. ‘तो दरोडा मी घातला नव्हता, पण तुरुंगात जाण्याइतकं इतर पुष्कळ केलं होतं,’ असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ.

सिंग सिंगमध्ये तो गालिचे विणायला शिकला, वाचायला शिकला. काही वर्षांनी एका रविवारी तुरुंगाच्या प्रार्थनागृहात बोलायला ऑर्व्हिल गार्डनर आला. हा एकेकाळचा कुप्रसिद्ध मुष्टियोद्धा आणि जेरीचा जुना ओळखीचा. व्यासपीठावर बसायची आपली लायकी नाही म्हणत तो खाली कैद्यांच्या पातळीवर उतरला आणि रडत बोलला. एरवी कुठल्याही पाद्र्याला न बधणारा जेरी त्या दिवशी हलला. कोठडीच्या झरोक्यात धूळ खात पडलेलं बायबल त्याने काढलं आणि गार्डनरने म्हटलेलं वचन त्यात सापडतं का ते शोधत बसला. १८६४ च्या मार्चमध्ये गव्हर्नर होरेशिओ सेमूर यांनी त्याची उरलेली शिक्षा माफ केली.

साध्या चरित्रकथेत इथे ‘आणि मग तो सुधारला’ असं वाक्य येतं. जेरी सुटून बाहेर आला तो एकटा, ओळखपाळख नसलेला. ज्यांनी आसरा दिला ते दारूच्या दुकानाशी जोडलेले. काही महिन्यांत तो पुन्हा पिऊ लागला. यादवी युद्ध चालू होतं, सैन्यात भरती करून देणारे दलाल मालामाल होत होते. तो त्या धंद्यात शिरला, मग परत नदीवर. तुरुंगात घडलेलं परिवर्तन खोटं नव्हतं, पण त्याला बाहेर धरून ठेवणारी चार माणसं नव्हती. त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या चार वर्षांत आहे.

१८६८ मध्ये हेन्री लिटल नावाचा मिशनरी चेरी स्ट्रीटवर जेरी राहत होता त्या घरात आला. जेरीने त्याला पाहून हात पुढे केला तो काही मिळतं का बघायला. बोलणं झालं, दारू सोडण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सहीही झाली. अशा सह्या जेरीने आधीही केल्या होत्या. घरी आला तर सोबत्याने बाटली आणलेली. तीही रिकामी झाली. खायला काही नव्हतं, म्हणून दोघे रात्री नदीवर जायला निघाले. रस्त्यात लिटल भेटला. कुठे निघालात, त्याने विचारलं. पोट भरायला, जेरी म्हणाला. तेव्हा त्या मिशनऱ्याने सांगितलं, तुम्ही चोरी करण्यापेक्षा मी माझा कोट गहाण टाकतो, त्याचे जे येतील त्यात जेवा. जेरीने त्या कोटाकडे पाहिलं. तो त्याच्या स्वतःच्या कोटापेक्षाही विरलेला होता. गहाण ठेवून त्याचे काही फार आले नसते, हे दोघांनाही कळत होतं. लिटल कुठूनतरी पैसे घेऊन आला आणि त्या रात्री होडी निघाली नाही.

त्यानंतरही जेरी घसरला, एकदा नव्हे, अनेकदा. फरक एवढाच की आता उचलायला कुणीतरी होतं. लिटलच्या मागे उभे होते आल्फ्रेड्रिक स्मिथ हॅच, ‘फिस्क अँड हॅच’ या वॉल स्ट्रीटवरच्या बड्या पेढीचे भागीदार. पार्क ॲव्हेन्यूवरच्या त्यांच्या घरातल्या वाचनालयात तीन पिढ्यांचं कुटुंब बसलेलं ईस्टमन जॉन्सनने रंगवलेलं चित्र आज मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. जड पडदे, पुस्तकांची कपाटं, मधोमध मुलाबाळांचा गोतावळा. त्या घरापासून वॉटर स्ट्रीट काही मैलांवर होतं, पण तिथली माणसं या जगात केवळ वर्तमानपत्रातून यायची. हॅच मात्र त्या वस्तीत जात, जेरीला नावाने ओळखत. ३१६ नंबरचं घरही त्यांच्याच मालकीचं होतं.

घर काढायची कल्पना मात्र जेरीची. एकदा काम करता करता गात असताना त्याच्या मनासमोर एक दृश्य उभं राहिलं: चौथ्या वॉर्डात आपलं घर आहे, त्यात आंघोळीची सोय आहे, लोक येताहेत, आपण त्यांना बाहेरून धुतो आहोत आणि परमेश्वर आतून. आधी थोडे, मग शेकडो, मग हजारो. या दृश्यात आंघोळ आहे हे महत्त्वाचं. दारुड्याच्या अंगाला येणारा वास, कपड्यातल्या उवा, सुजलेले पाय हे त्याला ठाऊक होतं. आत्म्याच्या गोष्टी करण्याआधी पाणी लागतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. लाँग आयलंडवरच्या सी क्लिफ इथे भरलेल्या धार्मिक मेळाव्यात त्याने ही कल्पना लोकांपुढे मांडली आणि साडेचारशे डॉलर जमले. हॅच यांनी जागा दिली. जेरी आणि त्याची बायको मारिया तिथे राहायला आली. मारियाही त्याच वस्तीतली, तीही दारूतूनच बाहेर आलेली.

सुरुवातीला रोज रात्री सभा नव्हती. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला एका हितचिंतकाने शिधा पाठवला. दोघांनी वस्तीतल्या गोरगरिबांना जेवायला बोलावलं. जेवणं झाली, माणसं हलेनात. बाहेर जायला त्यांना ठिकाणही नव्हतं. मग तिथल्या तिथे थोडी प्रार्थना, थोडं गाणं, कुणी दोन शब्द बोललं. ती संध्याकाळ इतकी रंगली की दुसऱ्या रात्रीही दार उघडलं, तिसऱ्या रात्रीही, आणि मग ते रोजचंच झालं. गुत्ता ज्या वेळेला भरतो त्याच वेळेला मिशनचं दार उघडं असायचं. दारुड्याला रविवारच्या सकाळी नव्हे, रोज अंधार पडल्यावर आधार लागतो, हे न सांगता कळण्यासाठी ते स्वतः भोगलेलं असावं लागतं.

सभेची पद्धत साधी होती. जेरी एखादा उतारा वाचायचा, थोडं बोलायचा, मग दार सगळ्यांना मोकळं. जो उठेल त्याने स्वतःविषयी बोलायचं, आणि थोडक्यात. पुढे तर एका मिनिटाची मर्यादा घातली गेली आणि जेरी ती कडकपणे पाळायला लावायचा. लांबण लावणाऱ्या प्रतिष्ठित पाहुण्यालाही तो मधेच थांबवायचा. उपदेशकाला इथे मान नव्हता, मान होता तो ‘मी इतके दिवस प्यालो नाही’ असं म्हणणाऱ्याला. श्रोत्यांत बसलेला माणूस समोरच्याला ओळखत असे. गेल्या महिन्यात हाच गटारात पडला होता, हे त्याने पाहिलेलं असे. कोणत्याही प्रवचनापेक्षा ही साक्ष भारी ठरत होती.

पहिलं वर्ष सोपं गेलं नाही. येणाऱ्यांत खरे तहानलेले होते तसे केवळ गरम जेवणासाठी गुडघे टेकणारेही होते. जेरीला हे कळत नव्हतं असं नाही. त्याने स्वतः अशीच सोंगं केली होती. तरी तो दार लावत नसे. आयरिश कॅथलिक वस्तीत जन्माने कॅथलिक असलेल्या माणसाने प्रोटेस्टंट मिशन काढणं म्हणजे भावकीशी वैर. गुत्तेवाल्यांच्या धंद्याला त्याचा फटका. शपथ घेऊन उठलेला माणूस बाहेर पडायचा तो दोन्ही बाजूंच्या दारूच्या दुकानांमधून वाट काढतच. त्यातले किती टिकले याचा हिशेब मांडणं अवघड, आणि मिशनच्या बाजूने लिहिलेल्या वृत्तांतांत जिंकलेल्यांच्या कहाण्या अधिक, हे ध्यानात ठेवायला हवं. पडलेल्यांची नोंद फारशी कुणी ठेवली नाही. पण पडलेला परत आला तर त्याला पुन्हा आत घेतलं जाई.

मग १८७३ चा सप्टेंबर आला. १८ तारखेला जे कुक यांची बलाढ्य पेढी बसली. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या कर्जरोख्यांत ती खोल अडकली होती. दुसऱ्या दिवशी, १९ सप्टेंबरला, फिस्क अँड हॅचने व्यवहार थांबवले. त्यांचेही पैसे रेल्वेच्या रोख्यांतच गुंतलेले. २० तारखेला न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद झाला तो दहा दिवस उघडला नाही. वॉटर स्ट्रीटवरच्या घराचा धनी आणि मिशनचा मोठा आधार असलेला माणूस ऐन वर्षपूर्तीच्या तोंडावर अडचणीत आला होता.

त्यानंतरचा हिवाळा न्यूयॉर्कच्या गरिबांच्या त्या पिढीला विसरता आला नाही. रेल्वेची कामं थांबली, कारखाने बंद झाले, बांधकामं अर्धवट राहिली. हजारो माणसं रस्त्यावर आली. रात्री पोलीस ठाण्यांच्या तळघरांत बेघरांना फळ्यांवर झोपू दिलं जाई, तिथे जागा पुरेना. १३ जानेवारी १८७४ रोजी टॉम्प्किन्स चौकात काम मागायला जमलेल्या बेकारांच्या प्रचंड जमावावर घोडेस्वार पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मंदी १८७९ पर्यंत रेंगाळली. त्याच हिवाळ्यात ओहायो आणि आसपासच्या गावांत बायका गुत्त्यांच्या दारात बसून प्रार्थना करत गुत्ते बंद पाडू लागल्या होत्या. न्यूयॉर्कच्या नदीकाठी ते शक्य नव्हतं. तिथे दारूपुढे दुसरा प्रश्न भुकेचा होता.

धनिकाच्या पैशावर उभं राहिलेलं काम धनिकाबरोबर कोसळतं, हा नेहमीचा अनुभव. वॉटर स्ट्रीटचं दार मात्र उघडंच राहिलं. हॅच यांची पेढी पुढे सावरली आणि त्यांनी साथही सोडली नाही, हे खरं. पण त्या हिवाळ्यात मिशन तरलं याचं मुख्य कारण मला त्याच्या घडणीत दिसतं. तिथे पगारी माणसं जवळजवळ नव्हती. बाकं लावणारा, चुलीपाशी उभा राहणारा, दारात उभं राहून आत या म्हणणारा, हे सगळे कालपरवापर्यंत पिणारेच. मदत घेणारा माणूस काही आठवड्यांत मदत देणारा होत होता आणि त्यात त्याचाही फायदा होता, कारण दुसऱ्याला सांभाळणाऱ्या रात्री त्याला स्वतःला गुत्ता आठवत नसे. अडचण वाढली तशी माणसं वाढली, आणि माणसं वाढली तसे हातही वाढले. १८७६ पर्यंत जुनं घर इतकं अपुरं पडलं की ते पाडून तिथे विटांची नवी तीन मजली इमारत उभी राहिली आणि मिशनची रीतसर नोंदणी झाली. ऐन मंदीत.

पुढची हकीकत वेगाने सांगता येते. १८८२ मध्ये जेरी आणि मारिया यांनी वरच्या वस्तीत, ३२ व्या रस्त्यावर, क्रेमॉर्न मिशन काढलं. तुरुंगात जडलेल्या क्षयाने जेरीला पोखरलं होतं. १८ सप्टेंबर १८८४ रोजी तो गेला. ब्रॉडवे टॅबरनॅकलमध्ये त्याच्या अंत्यविधीला लोटलेल्या गर्दीत बँकवाले होते आणि नदीकाठचे भणंगही. क्रेमॉर्नमध्ये १८८२ च्या एप्रिलमध्ये सॅम्युअल हॅडली नावाचा एक दारुडा येऊन गुडघ्यावर बसला होता. त्यानेच १८८६ मध्ये वॉटर स्ट्रीटची सूत्रं हाती घेतली. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १९०२ च्या आपल्या धर्मानुभवावरील प्रसिद्ध ग्रंथात हॅडलीच्या त्या रात्रीची हकीकत दिली. हॅडलीचा मुलगा पुढे न्यूयॉर्कमधल्या कॅल्व्हरी मिशनच्या उभारणीत होता. १९३४ च्या डिसेंबरात बिल विल्सन नावाचा दिवाळखोर शेअरदलाल त्या कॅल्व्हरी मिशनमध्ये तर्र होऊन आला, काही दिवसांनी इस्पितळात दाखल झाला आणि तिथे त्याच्या हातात जेम्सचा ग्रंथ पडला. १९३५ मध्ये त्याने डॉ. बॉब स्मिथ यांच्यासह जी चळवळ सुरू केली ती अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस.

या चळवळीने एक मोठा बदल केला. देव कुठला आणि कोणत्या धर्माचा, हा प्रश्न ज्याचा त्याच्यावर सोडला. वॉटर स्ट्रीटवर तशी मोकळीक नव्हती; तिथे जेवणाबरोबर येशूचं नाव घ्यावंच लागे, आणि आजचा वाचक त्याकडे साशंकतेने पाहणार हे उघड आहे. पण रोजची सभा, आपली आपण थोडक्यात सांगितलेली कहाणी, पहिल्या न प्यालेल्या दिवसाचा वर्षाने साजरा होणारा वाढदिवस, आणि पडलेल्याला परत घेणं, या चालीरीती तशाच राहिल्या. १९५० च्या दशकात ही चळवळ मुंबईत आली. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केलं. स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेल्या या धर्मगुरूंनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या पद्धतीला अय्यंगार योगाची जोड दिली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण काढलं. त्याचा चर्चशी संबंध नाही, पण व्यसनमुक्त झालेला माणूसच नव्याने आलेल्याला हात देतो, ही रीत तिथेही कामाचा कणा आहे.

वॉटर स्ट्रीटचं मिशन जागा बदलत, नाव बदलत चालत राहिलं आणि २०१७ मध्ये ते बावरी मिशनमध्ये विलीन झालं. एवढ्या दीर्घ काळात त्याच्या दारातून किती जण सुटले याचा नेमका आकडा काढणं कठीण आहे, पण त्याच्या पहिल्या वर्षाने एक गोष्ट सिद्ध केली: व्यसनी माणसाला आधी उपदेशकाची नव्हे, आपल्यासारख्याच एकाची गरज असते, आणि पैसा आटला तरी हे मनुष्यबळ आटत नाही. आपल्या घरात, चाळीत, गावात कुणी दारू सोडून पुन्हा प्यायला असेल, तर ‘याचं काही व्हायचं नाही’ असं म्हणण्याआधी एवढं आठवावं की जेरी मकॉली सिंग सिंगमधून सुटल्यावर पुन्हा पडला होता, आणि कोट गहाण टाकायला तयार झालेला माणूस भेटल्यानंतरही पडला होता. पडणं हा शेवट धरू नका. जवळच्या अशा एखाद्या सभेचा पत्ता शोधा आणि पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर स्वतः जा.